थांबण्याची हमी

बालाघाटच्या रांगेला सह्याद्रीसारखे कडे नाहीत. धाराशिव जिल्ह्यातून ती जाते पठाराच्या कडेकडेनं, फारसा गाजावाजा न करता. तुळजापूरहून सोलापूरच्या बाजूला निघालं किंवा येडशीहून बार्शीचा रस्ता धरला, की पठार संपल्याचं डोळ्यांआधी गाडीला कळतं. मूठ पूर्ण सोडलेली असते, तरी काटा वर सरकत राहतो. या उतारांवर ज्यांनी आयुष्य काढलं, ती माणसं नवी गाडी दारात आली की ती किती पळते हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "उताराला धरते का?"

बैलगाडीच्या काळात या प्रश्नाचं उत्तर बैलांच्या मानेवर होतं. चढाला जे बैल गाडी ओढत, तेच उताराला तिचा रेटा झेलत, खुरं रोवून, अंग मागे टाकून एकेक पाऊल उतरत. ओढणं आणि आवरणं ही दोन्ही कामं एकाच जिवाची होती, त्यामुळे बैल पारखणारा माणूसही दोन्ही पारखायचा. इंजिन आलं आणि या कामांची वाटणी झाली. पळवणारा भाग वेगळा, थांबवणारा वेगळा. विकणारा पळण्याबद्दल बोलू लागला, घेणारा पळणं विकत घेऊ लागला, आणि किंमत कमी करायची वेळ आली की कात्री बऱ्याचदा थांबण्यावर चालू लागली.

राजदूत 350 या गाडीची गोष्ट नेमकी हीच आहे. आमच्या भागात राजदूत म्हटलं की 175 सीसीची, दुधाच्या कॅनी लावून फिरणारी दणकट गाडी डोळ्यांसमोर येते. 1983 साली एस्कॉर्ट्स कंपनीनं त्याच नावाखाली जी गाडी आणली ती वेगळ्याच घराण्यातली होती. यामाहाची आरडी 350 बी. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर. बुलेटची ताकद 18 अश्वशक्ती असताना हिच्या पहिल्या रूपात साडेतीस होती. भारतीय रस्त्यावर इतक्या सहज आणि इतक्या लवकर वेग घेणारी दुचाकी त्याआधी मिळतच नव्हती. युरोपात जे स्थान छोट्या स्पोर्ट्स कारचं, ते आपल्याकडे या गाडीनं घेतलं. तरण्या पोराला परवडली तर परवडेल, नाहीतर स्वप्नात राहील अशी.

यामाहाच्या मूळ गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतात आली तेव्हा किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी तो काढला गेला आणि त्या जागी 7 इंची, म्हणजे साधारण 180 मिलिमीटरचा ड्रम बसला. वेगही पुढे कमी केला गेला. नंतरच्या 'लो टॉर्क' गाडीची ताकद 27 अश्वशक्तीवर आली. डिस्क मात्र परत आली नाही. दशक संपता संपता गाडी बंद झाली, तेव्हाही पुढे ड्रमच होता.

माझ्या काकांकडे ही गाडी होती. आज ती माझ्याकडे आहे. तिच्यावरचं माझं प्रेम आवाजावरचं आहे, वासावरचं आहे, आणि काकांच्या बसण्याच्या ढबीवरचंही आहे. म्हणूनच तिच्या पुढच्या चाकातून तो ड्रम काढून आजच्या काळातली मोठी डिस्क बसवायचं ठरलं, तेव्हा मला स्वतःशी नीट बोलावं लागलं. जुनी वस्तू जपायची म्हणजे काय करायचं? तिला हात न लावणं म्हणजे जपणं का?

आधी त्या ड्रमचा मान त्याला द्यायला हवा. तो साधा ड्रम नव्हता. साध्या ड्रममध्ये दोन शूंपैकी एकच चाकाच्या फिरण्याबरोबर आत ओढला जातो आणि आणखी घट्ट धरतो. या गाडीत दोन्ही शू तसे लावलेले होते. चाक स्वतःच्याच फिरण्यानं ब्रेकला मदत करायचं. लायनर नवे असले, केबल नीट ताणलेली असली, की पहिल्या एक-दोन वेळा तो चोख धरायचा. या रचनेचा एक तोटा चढावर कळायचा. गाडी उभी असताना मागे घसरू लागली, की चाकाची दिशा उलटी होते, शूंना ती मदत मिळत नाही आणि पकड ढिली पडते.

खरी परीक्षा उताराची. ब्रेक वेग नाहीसा करत नाही, तो वेगाची उष्णता करतो. गाडी आणि दोन माणसं मिळून तीनशे किलो धरू. ताशी 40 किलोमीटरवरून थांबताना साधारण साडेअठरा किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. वेग दुप्पट, म्हणजे 80 केला, की ती दुप्पट होत नाही, चौपट होते, 74 किलोज्यूल. आता घाट घ्या. वेग अजिबात वाढू न देता शंभर मीटर उंची खाली उतरायची, तर जवळजवळ 295 किलोज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. ऐंशीच्या वेगातून लागोपाठ चार वेळा थांबण्याइतकं हे काम. एवढ्या उष्णतेत पातेलंभर, म्हणजे साधारण लिटरभर पाण्याला उकळी फुटेल. यातली बरीचशी उष्णता चाकाच्या पोटात, ड्रमच्या बंद डब्यात साठते.

फोर-स्ट्रोक गाडी उताराला खालच्या गिअरमध्ये घातली की इंजिन बराच भार घेतं. टू-स्ट्रोक इंजिन मूठ सोडल्यावर फारसं आवरत नाही. शिवाय या गाडीत इंजिनाला ऑइल देणारा पंप मुठीला जोडलेला आहे. मूठ बंद ठेवून लांब उतारावर इंजिन नुसतं फिरत ठेवलं तर ऑइल कमी पडतं, पिस्टन धरण्याची भीती असते. म्हणून जाणकार उतारावरही मधूनमधून मूठ थोडी उघडतात. ज्या गाडीला उतारावर सर्वांत जास्त ब्रेक लागणार, त्याच गाडीचं इंजिन मदतीला सर्वांत कमी येणार. आणि तिच्याच पुढच्या चाकातली डिस्क काढलेली.

ड्रम तापला की फुगतो, त्याचा व्यास वाढतो, शूंपासून तो लांब जातो. लिव्हर अधिकाधिक आत येऊ लागतो. लायनरचा पदार्थ तापला की त्याची पकडही उतरते. जळक्या लायनरचा वास नाकाशी येतो तेव्हा बराच उतार अजून बाकी असतो. काकांचा यावरचा उपाय शांतपणाचा होता. ते घाटाच्या मध्यावर गाडी बाजूला घेत, चाक निवेपर्यंत थांबत, मग उरलेला घाट उतरत. त्या काळात हे कुणाला वेगळं वाटायचं नाही. ट्रकवालेही थांबत. रस्ता माणसाला तेवढा वेळ द्यायचा.

तो रस्ता आता नाही. सोलापूर ते येडशी महामार्ग चौपदरी झाला. नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा रस्ताही रुंद झाला. पुढे चाललेली साधी गाडीसुद्धा आज पुष्कळदा डिस्क ब्रेकची असते. 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून. याचा अर्थ असा, की समोरच्यानं ब्रेक दाबला तर तो आपल्या जुन्या ड्रमपेक्षा कमी अंतरात थांबणार. ताशी ऐंशीला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. पूर्वी सगळ्यांच्याच गाड्या उशिरा थांबायच्या, त्यामुळे सगळे एकमेकांपासून लांब राहायचे. आज रस्त्यावरचं अंतर नव्या ब्रेकच्या हिशेबानं ठरतं. जुनी गाडी या हिशेबात न बसणारी एकटीच उरते.

आणि रस्त्यावर फक्त गाड्या नसतात. हिवाळ्यात गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून निघतात. त्यांतल्या अनेकींना स्वतःचा ब्रेक नसतो, मागे लाल दिवा नसतो, आणि संध्याकाळी वळणावर त्या अचानक समोर उभ्या राहतात. नवरात्राआधी गावोगावची पोरं तुळजापुरात येतात, देवीच्या दारातून ज्योत पेटवतात आणि अनवाणी पळत आपल्या गावाला नेतात. रात्री-अपरात्री, रस्त्याच्या कडेनं, आळीपाळीनं. कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसं पायी तुळजापूरला येतात. त्यात लेकुरवाळ्या बाया असतात, म्हाताऱ्या असतात, खांद्यावर बसलेली मुलं असतात.

या माणसांचा विचार मनात आला आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला. गाडीचा वेग माझा असतो. तो मला हवा असतो, त्याचा आनंद मी घेतो. गाडीचं थांबणं मात्र माझ्या एकट्याचं नसतं. ते त्या ज्योत घेऊन पळणाऱ्या पोराचं असतं, ज्याला मी कधी भेटणार नाही. रस्त्यावर गाडी काढताना आपण सगळ्या अनोळखी माणसांना न बोलता एक हमी देतो, की वेळ आली तर मी थांबेन. ही हमी 1983 सालच्या रस्त्याला धरून दिलेली असेल तर आजच्या रस्त्यावर ती अपुरी आहे. जुन्या गाडीवर माझं प्रेम आहे, ही त्यावरची सबब होऊ शकत नाही.

जुन्या गाड्यांचे जे खरे जाणकार आहेत, त्यांचं म्हणणं मी आदरानं ऐकतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी, एक नटही बदलू नये, असं ते सांगतात. संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हे खरंच आहे. नाहीतर पुढच्या पिढीला मूळ वस्तू कळणार कशी? पण माझ्या गाडीच्या बाबतीत मूळ कोणतं धरायचं? जपानमधल्या आखणाऱ्यांनी या इंजिनासमोर डिस्क ठेवली होती. ती आपल्याकडे येताना वगळली गेली. त्यांनी वेग आणि थांबणं एकत्र आखलं होतं, आपल्याला त्यातलं एकच पूर्ण मिळालं.

चारचाकीतही हेच घडलं होतं. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट 1100 डिलाइट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आपल्या कित्येक पिढ्यांची गाडी झाली. खुद्द इटलीत फियाटनं 1966 साली त्याच घराण्यातल्या 1100 आर या गाडीला पुढे डिस्क दिली. आपली पद्मिनी पुढेही वर्षानुवर्षं चारही चाकांना ड्रम घेऊन डोंगर चढत-उतरत राहिली. त्या काळी परकीय चलनाची टंचाई होती, परवाने होते, सुट्या भागांची ओढाताण होती, हे मी जाणतो. तरीही त्या जमाखर्चात थांबण्याची बाजू कायम कोरडी राहिली, हे नोंदवायला हवं.

वेगाच्या जगातले जे खरे शहाणे, त्यांनी हा हिशेब फार आधी मांडला. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 सालीच घेतलं होतं. त्याची किंमत जगाला कळली 1953 साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वार सी-टाइपला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी वळण आलं की ड्रमवाल्या गाड्यांना आधीच वेग सोडावा लागायचा. जॅग्वार आणखी पुढपर्यंत भरधाव जाऊन मग ब्रेक लावायची, आणि चोवीस तास तसंच करत राहिली तरी तिचा ब्रेक मऊ पडत नव्हता. ती जिंकली, सरासरी ताशी 170 किलोमीटरनं. त्या शर्यतीत शंभर मैलांची सरासरी पहिल्यांदाच ओलांडली गेली. ज्याला थांबण्याची खात्री असते, तोच निर्धास्त पळू शकतो. दुचाकीत ही खात्री सर्वसामान्यांपर्यंत 1969 साली होंडाच्या सीबी 750 नं पोचवली. आपल्याकडे ती रुळली 1999 साली आलेल्या सीबीझेड या मोटरसायकलनंतर.

धाराशिवात एक मिस्त्री आहेत. वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजूनही त्यांच्याच दारात उभ्या असतात. मी डिस्कची गोष्ट काढली तेव्हा मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि गाडीच्या पुढच्या चाकाजवळ येऊन बसले. मी सर्वांत मोठी प्लेट, म्हणजे डिस्क, लावू म्हणालो.

"प्लेट मोठी बसवायला काय नाई, दादा," ते म्हणाले. "पण ती ताकद शॉकअपनं सोसली पायजे. टायरनं धरली पायजे. चाक जागेवर थांबलं आन् टायर सरकला, तर काय उपयोग हाय?"

त्या बोलण्यात या कामाचं सगळं शास्त्र होतं. मोठी डिस्क का चांगली, हे उघड आहे. पॅड जितकं चाकाच्या मध्यापासून लांब पकडेल, तितका तेवढ्याच जोराचा प्रभाव जास्त. मोठी प्लेट उष्णता जास्त पोटात घेते आणि वाऱ्यात उघडी असल्यानं लवकर निवते. तापून फुगली तरी ती पॅडपासून लांब जात नाही. पाण्यातून गेली तर फिरता फिरता पाणी झटकून टाकते. पण बळ वाढवलं की ते झेलणारा प्रत्येक भाग तपासावा लागतो. पॅड धरणारा कॅलिपर शॉकअपच्या एकाच नळीवर बसतो, त्यामुळे जोरात ब्रेक लागला की पुढचा भाग पिळवटतो. जुन्या शॉकअपची नळी आणि पकड त्यासाठी आखलेलीच नसते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन आणि कॅलिपरचा पिस्टन यांचं प्रमाण जमलं नाही तर लिव्हर एकतर दगडासारखा लागतो नाहीतर मुठीपर्यंत मऊ येतो. जुन्या स्पोर्ट्स कारना मोठ्या डिस्क बसवणाऱ्यांचीही गाठ याच साखळीशी पडते. प्लेट वाढली की कॅलिपर जुन्या लहान रिममध्ये मावत नाही. पुढचा ब्रेक फार बळकट झाला की मागच्याशी असलेला तोल जातो. एका जागचा बदल तिथेच थांबत नाही, तो पुढच्या भागाला हाक मारत जातो.

म्हणून आम्ही सर्वांत मोठी प्लेट घेतली नाही. आजच्या दीडशे सीसीच्या गाड्यांना असते तशी मध्यम प्लेट घेतली, आणि हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असा एकमेकांशी जुळलेला संच घेतला. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडले नाहीत. मामांची एक अट होती, जी मला फार पटली. मूळ शॉकअप कापायचा नाही, त्याला वेल्डिंग करायचं नाही. कॅलिपर धरणारी पट्टी लेथवर वेगळी करून घ्यायची, अ‍ॅक्सलचे बुश नवे काढायचे, आणि सगळं असं बसवायचं की उद्या कुणाला ड्रम परत लावायचा झाला तर पान्यानं खोलून लावता येईल. लेथवाल्यानं ती पट्टी दोनदा केली. पहिली केसभर तिरकी होती, प्लेट फिरताना पॅडला एका बाजूनं घासत होती.

पुढचा टायर नवा घेतला. ब्रेक ऑइल डॉट 4 घातलं. ते कोरडं असताना 230 अंशांना उकळतं, हवेतला ओलावा शोषत गेलं की 155 अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून ते ठराविक काळानं बदलायचं, हेही ठरवून टाकलं. नळीतली एअर काढायला मामांनी अर्धी दुपार घालवली. लिव्हर दाब, धर, नट सैल कर, बुडबुडा येऊ दे, नट आवळ. पास्कलचा नियम शाळेत शिकलो होतो. बोटांच्या जोरानं दाबलेलं थोडं तेल मोठ्या पिस्टनवर किती बळ निर्माण करतं, ते त्या दुपारी तळहाताला कळलं.

कायद्याचा प्रश्नही यात आहे आणि तो टाळू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. यामागची काळजी योग्य आहे. ब्रेकवर हौशी माणसानं केलेलं अर्धवट काम हे जुन्या ड्रमपेक्षा जास्त धोक्याचं. म्हणून असं काही करायचं तर आधी आरटीओत विचारावं आणि जाणकाराकडून तपासून घ्यावं. 2021 साली व्हिंटेज गाड्यांसाठी नवे नियम आले. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना त्यात वेगळी नोंदणी मिळते. मूळ रूप कशानं बिघडतं, हे सांगताना तिथे चेसिस, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांचा उल्लेख आहे. 1983 ची गाडी त्या वयाला पोचेल 2033 साली. तोवर तिला रस्त्यावर चालायचं आहे, आणि चालणाऱ्या गाडीचं मूळपण तिच्या इंजिनात आणि सांगाड्यात मी सांभाळतो आहे. ड्रमचं जुनं चाक घरात आहे, ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, बोल्ट-वॉशरसकट. पुढच्या माणसाला ते हवं असेल तर मिळेल.

मला यातून एवढं समजलं की जपणं हा निष्ठेचा प्रश्न आहे, पण निष्ठा कशाशी, हे आधी ठरवावं लागतं. नुसत्या आकाराशी निष्ठा ठेवली तर गाडी झाकून ठेवावी लागते. ती ज्यासाठी केली त्या कामाशी, म्हणजे चालण्याशी निष्ठा ठेवली, तर आजच्या रस्त्यानं तिच्याकडून जे मागितलं ते तिला द्यावं लागतं. परक्या माणसाच्या जिवाशी निष्ठा ठेवली, तर ते सर्वांत आधी द्यावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांचं वेड पुन्हा येतं आहे. आजोबांची बुलेट, मामाची येझदी, अंगणात गंजत पडलेली पद्मिनी तरुण पोरं बाहेर काढत आहेत, आणि मला ते मनापासून आवडतं. त्यांना माझं एकच सांगणं आहे, ते खर्चाच्या क्रमाबद्दल. पहिला पैसा क्रोमवर घालू नका, रंगावर घालू नका, सायलेन्सरच्या आवाजावर तर मुळीच नको. पहिला पैसा ब्रेकवर घाला. डिस्क बसवणं झेपत नसेल तर निदान ड्रम लेथवर सरळ करून घ्या, नवे लायनर लावा, केबल बदला, टायरची तारीख बघा. गाडी भरल्या वजनानं उतारावर नेऊन, रस्ता मोकळा बघून, थांबवून पाहा. ती थांबली की मग रंग कोणता द्यायचा, ते निवांत ठरवा.